निष्ठेचा दाखला आणि जातीचा दाखला : प्रा. फक्रुद्दीन बेन्नूर यांचा अभ्यास वाचताना

(सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



‘अल्पसंख्याकांचे हक्क आणि राष्ट्राची सुरक्षा’ असा विषय फळ्यावर लिहिला की बोलायच्या आधीच सभागृहाचे दोन भाग पडतात. अर्ध्यांना वाटतं, आता गाऱ्हाणी ऐकायची. उरलेल्यांना वाटतं, आता शत्रूंची यादी ऐकायची. आज आम्ही यातलं काहीच करणार नाही. एका प्राध्यापकाचं आयुष्यभराचं काम तुमच्यासमोर ठेवणार आहोत. ते कुठे भक्कम आहे आणि कुठे तोकडं पडतं, एवढंच बघायचं आहे.

हे प्राध्यापक म्हणजे फक्रुद्दीन बेन्नूर. जन्म साताऱ्यातला, १९३८ चा. नोकरी सोलापूरला, संगमेश्वर महाविद्यालयात, विषय राज्यशास्त्र. १७ ऑगस्ट २०१८ रोजी सोलापुरातच त्यांचं निधन झालं. ‘भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजरचना’, ‘हिंदुत्व, मुस्लिम आणि वास्तव’, ‘मुस्लिम राजकीय विचारवंत आणि राष्ट्रवाद’ आणि सुफी संप्रदायावरचं एक पुस्तक, ही नावं नुसती ओळीने वाचली तरी माणूस कशाच्या मागे लागला होता ते कळतं. हे सगळं त्यांनी मराठीत लिहिलं. त्याचं महत्त्व पुढे येईलच.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत कोडं राहायला नको. मुसलमानाला या देशात वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला गेला : तू कुणाचा? बेन्नूर सरांनी तो प्रश्न बाजूला सारून दुसरा विचारला : तू कोण? तुझी जात कुठली, धंदा कुठला, घरातली बोली कुठली? हा बदल फार मोठा आहे. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात आल्यावर ते घेऊन पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे सुरक्षेच्या प्रश्नाकडे, परत जायला हवं होतं. ते काम अर्धं राहिलं. आणि ते आता आपल्या, म्हणजे सातारा-सांगलीकरांच्या, दारात येऊन उभं आहे.

सैनिकांच्या मुलखातला प्रश्न

आपल्या भागात ‘देशाची सुरक्षा’ हा वर्तमानपत्रातला शब्द नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. त्या गावचा माणूस १९६२ साली, चीनच्या युद्धाच्या ऐन पडत्या काळात, देशाचा संरक्षणमंत्री झाला. ज्या घरात भिंतीवर वर्दीतला फोटो आहे आणि फोटोला हार आहे, त्या घरात निष्ठेचा प्रश्न चटकन पेटतो. त्या भावनेला कुणी हसू नये. आम्हीही हसत नाही.

पण याच मातीत दुसराही इतिहास आहे. रामजी सुभेदार फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचं कुटुंब साताऱ्यात राहिलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचं, भिवाचं, नाव इथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण त्याच्या थोडं आधी, १८९० च्या दशकात, काय झालं होतं? महारांची सैन्यभरतीच सरकारने बंद केली होती. पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या समाजाची निष्ठा एका रात्रीत आटली होती का? तसं काही नव्हतं. सरकारचा तक्ता बदलला होता. ‘लढाऊ जाती’ कोणत्या, याचा नवा हिशेब मांडला गेला आणि त्यात हे लोक बसले नाहीत. पुढे दुसरं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. भरवशाचं कोण, हे सत्तेची गरज ठरवते. चाकरीची नोंदवही त्यानंतर उघडली जाते.

आणखी एक उदाहरण, सरांच्या कर्मभूमीतलंच. सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हणून भाग आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याखाली जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवल्या. आईच्या पोटातलं मूलसुद्धा संशयित. हा कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी.

ही दोन्ही उदाहरणं मुसलमानांची नाहीत. म्हणूनच ती आधी घेतली. आख्खा समूह संशयाच्या रकान्यात टाकायची सवय इथल्या राज्यकारभाराला जुनी आहे. फक्त रकान्यातली नावं बदलत राहतात.

‘कुठला मुसलमान?’

आता सरांच्या कामाकडे येऊ. त्यांच्या पिढीपुढे एक मोठं नाव होतं, हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधान भवनावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. धैर्याचं काम, त्याबद्दल दुमत नाही. दलवाईंचा रोख धर्मकायद्यावर होता आणि मुस्लिम मनातल्या अलगतेवर होता. त्यांच्या मते सुधारणेची वाट तिथूनच जाते.

बेन्नूर सरांनी थांबून विचारलं, हे ‘मुस्लिम मन’ म्हणजे कुणाचं मन? राज्यशास्त्राचा शिक्षक असला तरी हा प्रश्न समाजशास्त्राचा होता. आपल्याच भागातली आडनावं बघा. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, शिकलगार, मोमीन. आडनावातच धंदा आहे. आणि धंद्याची जशी उतरंड हिंदू गावगाड्यात, तशीच इथेही. मुलाणी तर सरळ गावगाड्यातलाच. जत्रेत बोकड हलाल करायला तोच लागायचा आणि खळ्यावर त्याचाही वाटा असायचा. मिरजेचे शिकलगार हत्यारांना धार लावायचे, हत्यारं बनवायचे. राजवटी बदलल्या, हत्यारांचं गिऱ्हाईक संपलं, तेव्हा त्यांच्यातले काही जण तंबोरा आणि सतार घडवायला बसले. आज मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ चं. आता सांगा, या शिकलगाराचं आणि उत्तरेतल्या एखाद्या नवाबाचं ‘मन’ एकच कसं असेल? दोघांचा कलमा एक असेल. पण चूल, बोली, कर्ज आणि काळजी वेगळी आहे.

सरांच्या मांडणीचं बळ इथे आहे. मुसलमान एकजिनसी आहेत ही समजूत दोन्ही बाजूंच्या सोयीची असते. हिंदुत्ववाद्याला भीती दाखवायला एकजिनसी मुसलमान लागतो आणि मुस्लिम पुढाऱ्याला सौदा करायला तोच लागतो. सरांनी त्या दोघांचाही माल बाजारातून उठवला. फाळणीकडेसुद्धा असं बघता येतं. १९४६ च्या निवडणुकीत मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटींवर मोजक्यांनाच मताचा हक्क होता. पिंजाऱ्याला, शिकलगाराला विचारलं कुणी? ज्याला मतच नव्हतं, त्याच्या नातवाकडे फाळणीचा जाब मागायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि हे काम पुस्तकांपुरतं राहिलं नाही. मार्च १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्यामागे सर होते. मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण त्याने मोडलं. मराठी ही आमची घरातली भाषा आहे, हे कुणाची परवानगी न मागता सांगितलं गेलं. मग मंडल आलं. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांच्यासोबत मुस्लिम ओबीसी चळवळीत सर उभे राहिले. १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुस्लिमांमधल्या मागास जातींना ओबीसी सवलतींची वाट मोकळी केली, त्याला या चळवळीचा रेटा कारण होता.

त्याचा व्यवहारातला अर्थ काय? तहसील कचेरीतून मिळणारा एक कागद, जातीचा दाखला. त्यावर एखाद्या तांबोळ्याच्या मुलीचा प्रवेश होतो, फी सुटते. आम्हाला या कागदाचं मोल फार वाटतं. का, तर तो सांगतो की सरकारने या माणसाला त्याच्या सामाजिक इतिहासासकट वाचलं. निष्ठेच्या दाखल्याचं तसं नाही. तो दाखला कुठल्याही कचेरीत मिळत नाही, तरी जागोजागी मागतात. भाड्याने खोली बघताना मागतात. क्रिकेटचा सामना असला की मागतात. आणि एकदा दाखवला तर उद्या परत मागतात.

एका अभ्यासकाचे दोन आवाज

इथवर आम्ही सरांच्या बाजूने बोललो. आता तक्रार.

समाजरचनेवर लिहिणारे बेन्नूर आणि राष्ट्रवादावर लिहिणारे बेन्नूर एकाच आवाजात बोलत नाहीत, असं आमचं वाचन आहे. समाजरचनेचा अभ्यासक निष्ठेच्या प्रश्नाला उत्तरच देत नाही. तो प्रश्नच खोटा ठरवतो. पण राष्ट्रवादावरचं लेखन मुस्लिम विचारवंतांचे राष्ट्रविचार तपासायला घेतं, तेव्हा वाचकाच्या मनात नकळत जुनंच कोर्ट भरतं. कोण राष्ट्रवादी निघाला, कोण अलगतावादी? कुणाच्या पारड्यात किती? हा अभ्यास आवश्यक होता, कारण मराठीत या विचारवंतांविषयी अर्धीमुर्धी माहिती आणि पुष्कळ द्वेष होता. पण पुरावे मांडायला उभं राहणं म्हणजे आरोपीचा पिंजरा मान्य करणं. आपण सगळेच असं करतो ना? विषय निघाला की लगेच ब्रिगेडियर उस्मान, हवालदार अब्दुल हमीद. ती माणसं थोरच. पण ही यादी म्हणायला सुरुवात केली की बाकीच्या कोट्यवधींनी काय करायचं? परमवीर चक्र मिळवल्यावरच शेजारी म्हणून स्वीकारणार का?

दुसरी गोष्ट. जातीची उतरंड दाखवताना घराच्या आतली उतरंड मागे पडते. दलवाईंचा मोर्चा सात बायकांचा होता, हे विसरून चालणार नाही. तलाकचा प्रश्न बागवान घरातही असतो आणि नवाबाच्या घरातही. ओबीसीचा दाखला त्याला पुरत नाही. दलवाई विरुद्ध बेन्नूर अशी कुस्ती लावणाऱ्यांना आमचं सांगणं आहे, की दोघांचे प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही खरे आहेत.

राहून गेलेलं प्रकरण

मोठी तक्रार पुढची आहे. सरांच्या सगळ्या अभ्यासकाळात सुरक्षेच्या नावाने कायद्यांची एक माळ तयार झाली. १९८५ चा टाडा, १९९५ मध्ये तो संपला. १९९९ चा मोक्का, आपल्याच राज्याचा. २००२ चा पोटा, २००४ मध्ये रद्द. आणि १९६७ च्या यूएपीएमध्ये २००४ पासूनच्या दुरुस्त्या. दुसरीकडे अहवालांची माळ. भिवंडी-जळगावच्या १९७० च्या दंगलींवर न्या. मदन आयोग. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवर न्या. श्रीकृष्ण आयोग, त्याचा अहवाल १९९८ चा. पोलीस पक्षपाती वागले, हे दोन्ही अहवालांत आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला यापेक्षा पक्कं साहित्य कुठे मिळणार? पण कायदा, पोलीस आणि तुरुंग ही राज्यसंस्थेची बाजू सरांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आली नाही. केंद्रस्थानी समाज राहिला.

यावर कुणी म्हणेल, अहो, पण धोका खरा आहे. १९९३ चे स्फोट झाले, २६/११ झालं. खरंच झालं. मुंबई रक्ताने भिजली, हे कुणी नाकारत नाही. पण मालेगावचं २००६ चं प्रकरण बघा. स्फोटात मेले ते बहुतेक मुसलमानच. अटक झाली नऊ मुसलमानांना. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. दहा वर्षं. त्या घरांचं काय झालं, हा हक्काचा प्रश्न झाला. त्या दहा वर्षांत खऱ्या गुन्हेगारांचा माग किती थंड झाला, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. आख्ख्या समूहाकडे बोट दाखवणारा तपास माणसाला चुकवतो आणि गुन्हेगारालाही चुकवतो. हक्क आणि सुरक्षा तराजूच्या दोन पारड्यांत बसवायची सवय आपण सोडली पाहिजे, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवलं, की मुसलमानांवर एकाच वेळी दोन ओझी आहेत : देशद्रोही असल्याचा शिक्का, आणि लाड होत असल्याचा आरोप. पहिल्या ओझ्यामुळे घर, नोकरी, कर्ज मिळायला अडचण. दुसऱ्या ओझ्यामुळे त्या अडचणीबद्दल बोलायचीही चोरी. सरांची समाजरचना आणि सुरक्षेचं राजकारण इथे एकमेकांना मिळतात. हाच दुवा धरून एक आख्खं पुस्तक व्हायला हवं होतं.

बाबासाहेबांचे दोन टप्पे

या जोडकामाचा एक नमुना साताऱ्यातच शाळा शिकलेल्या माणसाने घालून दिला आहे. बाबासाहेबांनी १९४० मध्ये पाकिस्तानच्या मागणीवर पुस्तक लिहिलं, त्यात सरहद्द, साधनसंपत्ती आणि सैन्य यांचा स्वतंत्र विचार आहे. फौजेत कोणत्या प्रांताचे, कोणत्या समाजाचे किती, याचा हिशेब त्यांनी मांडला आणि संकटकाळी फौजेवर भरवसा ठेवता येईल का, असा थेट प्रश्न विचारला. ज्याच्या समाजाला फौजेने दार लावलं होतं, त्याच माणसाने समूहाच्या निष्ठेचा हिशेब मांडावा, ही त्या पुस्तकातली अवघड जागा आहे. ती झाकून बाबासाहेब वाचता येत नाहीत.

पण पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना ते काय म्हणतात? अल्पसंख्याकांच्या संरक्षणाला कडवा विरोध करणाऱ्यांना ते बजावतात, की अल्पसंख्याक ही स्फोटक शक्ती असते, तिचा भडका उडाला तर राज्याची सगळी वीण उसवते. आणि हेही सांगतात, की इथल्या अल्पसंख्याकांनी आपलं अस्तित्व बहुसंख्याकांच्या हाती सोपवलं आहे. भेदभाव न करणं ही आता बहुसंख्याकांची जबाबदारी. बघा, सुरक्षेचा विचार सोडलेला नाही. प्रश्नाचा पत्ता तेवढा बदलला आहे. आठ वर्षांपूर्वी प्रश्न होता, हे लोक भरवशाचे आहेत का? आता प्रश्न आहे, आपण भरवशाचे आहोत का?

आपल्या गावांची परीक्षा

आता आपल्या घरचं. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याला उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत तिथे गाणं होतं. कडेगावचे उंचच उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उभे करतात. हे सगळं खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण त्याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली, ती सांगली-इचलकरंजीपर्यंत गेली. पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमावाने मशिदीवर हल्ला केला. एक जीव गेला. जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं.

अशा वेळी ‘सुरक्षा’ म्हणजे आपल्याकडे काय होतं? बंदोबस्त, संचलन, नेट बंद आणि शांतता समितीची बैठक. बैठकीत ताबुतांचा आणि गलेफाचा दाखला निघतो, चहा होतो, फोटो निघतो. हे सगळं करावंच. पण सलोख्याची परंपरा हा इतिहासाचा पुरावा आहे. तिला उद्याच्या हमीपत्राचा भाव देता येत नाही. मिरजेनेच ते दाखवून दिलं.

सरांची पद्धत इथे वापरली तर विचारायचे प्रश्न वेगळे निघतात. दंगलीनंतर आठवडी बाजारात कुणाचा गाळा परत लागला नाही? बागवानाकडून माल घेणं कुणी थांबवलं, आणि कुणाच्या सांगण्यावरून? कुठल्या मुलीची शाळा सुटली? किती गुन्हे नोंदले, किती खटले उभे राहिले, साक्षीदार टिकले का? आणि जी पोरं जमावात होती, त्यांच्या हाताला काम होतं का? हा शेवटचा प्रश्नही समाजरचनेचाच आहे, आणि तो बहुसंख्याकांच्या घरातला आहे. हे प्रश्न महाविद्यालयांतल्या राज्यशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन विचारण्याजोगे आहेत. त्याला फार मोठं अनुदान लागत नाही. वही लागते, एसटीचं तिकीट लागतं, आणि दोन्ही आळ्यांत बसून चहा प्यायची तयारी लागते.

बेन्नूर सरांनी आपल्याला माणूस वाचायला शिकवलं. बागवानाला बागवान म्हणून, शिकलगाराला शिकलगार म्हणून. त्यांच्या पुढचा टप्पा राज्यसंस्था वाचण्याचा आहे. पोलीस ठाण्याची नोंदवही, कोर्टाची तारीख, कायद्याचं कलम आणि बाजारातला गाळा एकाच वहीत लिहिणारा अभ्यासक या दोन जिल्ह्यांतून निघायला हवा. तो मुसलमानच असला पाहिजे असं अजिबात नाही. खरं तर तो भिंतीवर वर्दीतला फोटो असलेल्या घरातून आला, तर आम्हाला जास्त आनंद होईल. कारण हा प्रश्न त्या घराचाही आहे. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला मागे आपल्या गावात शांतता आहे एवढा भरवसा लागतो. तो भरवसा देणं आपलं काम आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.